दुपारी मान टाकणारा वेल

सिस्टरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या अंगातली नर्स काही निवृत्त झाली नव्हती. कुणी जरा पांढरंफटक दिसलं की त्यांचा हात मनगटाकडे जायचा आणि नाडी सापडायच्या आत तोंडातून निघायचं, "आधी पाणी प्या बघू!" वॉर्डात जन्म गेला होता. मान टाकलेल्याला आधी सलाइन लावायचं आणि बाकीचं मग बघायचं, हे त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं.

आता त्यांच्याकडे एकच पेशंट उरला होता आणि तो त्यांचा नवरा होता. जन्मभर बस चालवलेला, आवाजानेच रस्ता मोकळा करणारा हा माणूस हृदयाच्या ऑपरेशननंतर घरी आला तो अगदी गप्प होऊन. डॉक्टर म्हणत होते, सगळं उत्तम आहे, रोज थोडं चालायला लावा. पण ड्रायव्हरसाहेब पलंग सोडायला तयार नव्हते. बाथरूमपर्यंत जायचं तेही सिस्टरांचा दंड धरून. "आता कुठे जायचंय मला?" एवढंच म्हणायचे. पेशंटने आतून हात टेकले की काय होतं, हे त्यांनी नको तितक्या वेळा पाहिलं होतं.

एका गोष्टीत मात्र ड्रायव्हरसाहेबांचा जीव अजून होता. ऑपरेशनच्या आधी त्यांनी खिडकीखालच्या परसात भोपळ्याची बी टोचली होती. वेल कुंपणावर चढला होता, ताटाएवढी पानं पसरून बसला होता. सकाळी डोळे उघडले की त्यांचा पहिला प्रश्न, "वेल कसा आहे?" सिस्टरांनी मनाशी धरलं होतं की वेल जगला तर हा माणूस उठेल. नर्सने असलं काही मानू नये, हे त्यांनाही कळत होतं. पण त्या मानून बसल्या होत्या.

आणि नेमका उन्हाळा पेटला. एका दुपारी सिस्टरांनी खिडकीतून पाहिलं तर सगळी पानं मिटलेल्या छत्रीसारखी खाली लोंबत होती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "ऊन लागेल हो तुम्हाला," असं म्हणत त्यांनी खसकन पडदा ओढला आणि बादली घेऊन मागच्या दाराने धावल्या. संध्याकाळी पानं ताठ उभी राहिली. सिस्टरांना वाटलं, बरं झालं, वेळेवर पाणी मिळालं. मग रोज तेच. सकाळी पाइपने पाणी, दुपारी गुपचूप बादली.

तरी वेल सुधारेना. बुंध्याजवळची पानं पिवळी पडू लागली. मातीला कुबट वास यायला लागला, बोट घातलं तर चिखल. एवढं पाणी तर आपण घालत नाही, सिस्टर चक्रावल्या. आणखी एक कोडं होतं. त्यांची दुपारची झोप झाली की दुधाचं पातेलं ओट्यावर ओलं दिसायचं. आपलंच वय झालं, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

मग एके दिवशी सकाळीच वीज गेली. मोटर बंद, टाकी कोरडी. वेलाचं सकाळचं पाणी राहिलं, दुपारचंही राहिलं. सिस्टर आडव्या झाल्या, पण पंख्याविना डोळा लागेना. कूस बदलली तर शेजारचा पलंग रिकामा!

त्या ताडकन उठल्या. बाथरूममध्ये कुणी नाही. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं होतं, आणि परसाच्या पायऱ्यांवर ड्रायव्हरसाहेब. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात प्यायच्या पाण्याने काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं.

"अहो!" सिस्टर किंचाळल्याच. झेप घालून त्यांनी पातेलं हिसकावलं आणि सगळं पाणी पायरीवर सांडलं.

"सांडलंस ना! तो बघ, मरतोय तिकडे!"

"तुम्ही रोज उतरता इथे? एकटे? आणि माझ्यासमोर बाथरूमला जायला हात लागतो?"

"मग काय करू? तू पडदा ओढून घोरत पडतेस. तुला माझ्या औषधांतून सवड कुठे? वेलाकडे बघणार कोण?"

"मी बघते! रोज बादलीभर घालते दुपारी!"

"दुपारी? आणि सकाळी पाइप सोडतेस तो?"

"तोही. आणि त्यावर तुमचं पातेलं!"

मग भांडण नव्याने जुंपलं. कुणी कुणापासून काय लपवलं, कुणाला कशाची काळजी, आणि जाता जाता लग्नापासूनची उधारीही निघाली. किती महिन्यांनी हा आवाज घरात घुमत होता! सिस्टर संतापल्या होत्या आणि आतून त्यांना इतका आनंद झाला होता की कुठे ठेवू असं झालं होतं. पायरीवर बसून दोघं भांडत राहिले. प्यायचं होतं तेही सांडलेलं, पाण्याचा थेंब घरात नव्हता आणि आणायचं कुणाला सुचलंही नाही.

ऊन कुंपणापलीकडे गेलं तेव्हा ड्रायव्हरसाहेब बोलता बोलता थांबले. "ए, ते बघ."

पानं उठत होती. दिवसभरात त्यांना कुणी थेंबही दिला नव्हता.

"तापलेली गाडी सावलीत घ्यायची आणि गप्प बसायचं," ते म्हणाले. "जन्मभर मी नव्या ड्रायव्हर पोरांना हेच शिकवलं. आणि इथे पातेलं घेऊन धावतोय."

सिस्टरांचं लक्ष, ते रोज एकटेच उतरत होते त्या पायऱ्यांकडे होतं.

दुसऱ्या दिवसापासून वेलाला फक्त पहाटे पाणी, तेही माती सुकली असेल तरच. बुंध्याभोवती वाळलेलं गवत पसरलं. दुपारी पानांनी मान टाकली तेव्हा पडदा उघडाच होता. सिस्टरांचे हात शिवशिवत होते, ते त्यांनी मांडीखाली दाबून ठेवले.

"जरा जवळून बघून येतो," म्हणत ड्रायव्हरसाहेब उठले. सिस्टरही उठल्या, आणि खाली बसल्या. कठडा धरून ते हळूहळू उतरले, वेलाशी घुटमळले आणि परत आले ते धापा टाकत. खुर्चीत टेकले तेव्हा खांदे पार उतरले होते. सिस्टरांनी नाडी बघितली नाही, पाण्याचा पेला आणला नाही. नुसत्या बसून राहिल्या. सगळ्या नोकरीत इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

हळूहळू ड्रायव्हरसाहेबांचा श्वास संथ झाला. पाठ सरळ झाली.

"चहा टाकतेस, की मीच टाकू?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच टाका," सिस्टर म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.