पाचाच्या दारात पावणे

शिवरंजनी काकू लग्न होऊन घरात आली त्याला तीन महिने झाले होते, आणि तिच्याशी रोज अर्धा तास बसून बोलणारं माणूस घरात एकच होतं, पुतणी आरोही. सहावीतली. बोलणं तरी कशाचं, तर अपूर्णांकांचं.

काकू आळंदकडची, कानडी मुलखातली. आरोहीचं घर नळदुर्गाच्या जवळ, हमरस्त्याच्या फाट्यापासून पायी दहा मिनिटं आत. या घरात कानडी उरलं होतं ते फक्त आजोबांच्या नावात, कल्याणप्पा. बाकी सगळी मराठी. काकू मराठी शिकत होती, पण तिनं "दूध वर आला" म्हटलं की आजी पदरात हसायची, आरोहीची आई हसायची, तिचा नवरा रुद्रेशकाकाही हसायचा. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण सुपातलं धान्य पाखडता पाखडता कमी व्हावं, तसे काकूचे शब्द कमी कमी होत गेले.

गणिताला मात्र भाषा लागत नव्हती. एका संध्याकाळी आरोही ओट्यावर वही घेऊन रडकुंडीला आली, तेव्हा काकूनं पिठाचा हात पुसला, पेन्सिल घेतली आणि एक शब्द न बोलता दोन्ही छेद सारखे करून दाखवले. काकूला बारावीला गणितात शंभरातले सत्त्याण्णव होते. घरात ते कुणी विचारलंच नव्हतं, आरोहीनं विचारलं. तेव्हापासून शाळेतून आलं की दप्तर आधी काकूपुढं. वही उघडली की काकूचा चेहरा ती माहेरच्या अंगणात उभी असल्यासारखा व्हायचा.

आरोहीच्या मल्लिकार्जुन सरांची एक सवय होती. गृहपाठाचं गणित ते तोंडी सांगायचे आणि जुन्या बोलीत सांगायचे. दीड, अडीच, पावणेतीन. मुलांनी ते अक्षरात उतरवून घ्यायचं आणि घरी आकड्यात मांडायचं. त्या दिवशी आरोहीच्या वहीत होतं: एका तोरणाला पावणेतीन मीटर दोरी लागते, तर आठ तोरणांना किती लागेल?

काकूनं विचारलं, पाऊण म्हणजे आमचं मुक्कालू ना, चारातले तीन भाग? आरोही म्हणाली, व्हय. मग काकूनं तीनाच्या शेजारी पाऊण मांडला. तीन पूर्णांक तीन छेद चार. गुणिले आठ. बरोबर तीस. उत्तर इतकं सुबक आलं की आरोहीनं पुन्हा पाहिलंच नाही. ती स्वतः मोबाईलवर दोन पंचेचाळीस, चार पंचेचाळीस असा वेळ वाचणारी. पावणे हा शब्द रोज तिच्या कानावरून जायचा, आकड्यात कधी उतरला नव्हता.

वर्गात सगळ्यांचं उत्तर बावीस आलं. सरांनी फळ्यावर दोन पूर्णांक तीन छेद चार लिहिलं आणि आरोहीच्या वहीत लाल फुली मारली. काकूनं शिकवलं म्हणून आरोही सांगून बसली, तेव्हा शेजारच्या बाकावरचा मल्हार म्हणाला, "आठ मीटर उरली की गं. त्या दोरीनं तुझ्या काकूला खांबाला बांधा, परत शिकवायला यायची न्हाय." अख्खा वर्ग हसला.

घरी येऊन आरोहीनं दप्तर भिरकावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काकूला गणित येत न्हाय."

काकू भाकरी थापत होती. तिचा हात परातीवर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

पुढचे चार दिवस आरोही एकटीच ओट्यावर बसली. गणितं चुकत होती, पण ती हाक मारत नव्हती. काकू उंबऱ्यापर्यंत यायची, वहीकडं बघायची आणि परत आत जायची. या घरात तिची स्वतःची म्हणून जागा होती ती एवढीच, वहीच्या पानाएवढी. ती आता गेली होती.

पाचव्या दिवशी सकाळी कल्याणप्पांना व्याह्यांचा फोन आला. काकूचे वडील लेकीला पहिल्यांदाच भेटायला येत होते. चार पंचेचाळीसला गाडी फाट्यावर थांबेल, असं त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. शेताकडं निघताना कल्याणप्पांनी सुनेला आपल्या बोलीत निरोप दिला की तुझे आप्पा पावणेपाचला फाट्यावर उतरत्यात, घ्यायला जा. काकूनं मान हलवली. परत विचारलं असतं तर पुन्हा कुणीतरी हसलं असतं.

आरोही शाळेतून येताना वडापच्या शेअर जीपमधून फाट्यावर उतरली तेव्हा सव्वापाच होऊन गेले होते. किलोमीटरच्या दगडावर एक म्हातारा बसला होता. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडीवर जड पिशवी. लग्नात बघितलेला चेहरा तिनं ओळखला, पाया पडली आणि कधी आलात म्हणून विचारलं.

आप्पांना मराठी येत नव्हतं, पण प्रश्न कळला. "नाल्कु मुक्कालू," ते म्हणाले, आणि तिला कळावं म्हणून त्यांनी हात वर केला. चार बोटं ताठ, आणि अंगठा थोडासा दुमडलेला.

मुक्कालू हा शब्द आरोहीला काकूनं शिकवला होता. चार बोटं आणि पाऊण अंगठा. ती त्या हाताकडं बघत राहिली. पाच बोटांचा हात, त्यात पाव कमी. आजोबा यालाच पावणेपाच म्हणतात. आणि काकू? काकू पाचावर पाऊण ठेवणार. जसा तिनं तीनावर ठेवला होता. ट्रकमागून ट्रक धुरळा उडवत जात होते आणि आरोहीच्या डोळ्यांपुढं तीस मीटर दोरी उलगडत होती, कुठंही न तुटलेली.

तिनं पिशवी उचलली. पिशवी दगडासारखी जड होती.

दारात काकू नवं लुगडं नेसून, केसात अबोली माळून, फाट्याकडं निघण्याच्या तयारीत उभी होती. हातातल्या मोबाईलवर पाच एकतीस. वडिलांना बघून ती आधी हसली, मग त्यांचे धुळीनं भरलेले पाय बघितले, काहीतरी कानडीत विचारलं, आणि उत्तर ऐकून उंबऱ्यावर मटकन बसली.

आतून आजी पुटपुटली की पोरीला साधा वेळ कळंना, बापाला रस्त्यावर बसवलं.

"काकू चुकली न्हाय आजी," आरोही म्हणाली. "माझं गणितबी चुकलं नव्हतं. शब्द चुकला." मग ती काकूच्या शेजारी बसली, आपला हात वर केला आणि अंगठा थोडा दुमडला. "पावणे म्हंजे पाव उणे. पाचाच्या दारात आल्यात पावणे, आत यायला पाव कमी."

काकूनं त्या अंगठ्याकडं पाहिलं. तो बोटानं हळूच सरळ केला, पुन्हा दुमडला.

"म्हंजे तुमी उणा किती त्ये आधी सांगता," ती म्हणाली. "आमी आला किती त्ये सांगतो."

कुणी हसलं नाही. आजी तांब्या भरून बाहेर आली आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आत या म्हणावं पावण्यास्नी. दारातच ठिवलंय किती येळ."

पिशवीत शेंगाचटणीचा डबा निघाला, कडक भाकरी निघाल्या आणि तळाला निघाली काकूची गणिताची जुनी पुस्तकं, पुठ्ठे घातलेली. आठ दिवसांपूर्वीच तिनं फोन करून मागवली होती. आरोहीसाठी. आरोही ती पुस्तकं एकेक करून ओट्यावर मांडत बसली. मग तिनं वही काढली, लाल फुलीचं पान उघडलं आणि पेन्सिल काकूच्या हातात दिली. काकूनं मांडलं: दोन पूर्णांक तीन छेद चार, गुणिले आठ. बावीस. मग तिनं विचारलं की सव्वा कुठं उभा असतो, दारात का घरात? आरोही म्हणाली, सव्वा घरात शिरून एक पाऊल पुढं.

दिवेलागणीला कल्याणप्पा शेतातून आले, व्याह्यांच्या गळ्यात गळा घालून भेटले आणि विचारू लागले की सकाळी परतीची गाडी किती वाजता. आप्पा लेकीकडं बघून म्हणाले, "एळु मुक्कालू."

"पावणेआठला हाय मामा," काकू आतून सासऱ्यांना म्हणाली, मोठ्यानं.

आरोहीनं चमकून तिच्याकडं पाहिलं. काकूनं परातीतल्या पिठावर बोटानं लिहिलं, सात, आणि शेजारी तीन छेद चार. मग ते पुसून भाकरीचा गोळा केला.