तीन यंत्रं आणि एक नाक

यंदाच्या शिमग्याआधी आमच्या घरात माणसं दोन आणि हवा ओली करायची यंत्रं तीन होती. शहापुरात आमच्या गल्लीत कुणाकडे माग जास्त, कुणाकडे कमी, पण या बाबतीत आमचा हात कुणी धरू शकलं नसतं. लोक जयाला बघायला यायचे आणि यंत्रं बघून जायचे.

जया म्हणजे माझी बायको, जयाबाई. दिवाळीनंतर तिला न्यूमोनिया झाला आणि बरेच दिवस ती दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होती. शेवटी डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. जीव वाचला, बाई घरी आली, पण आवाज गेला. श्वास नळीतूनच आत जाणार आणि नळीतूनच बाहेर येणार, वर घशापर्यंत हवाच पोचत नाही, तर शब्द फुटणार कुठून? जिची हाक दोन मागांच्या खडखडाटातून गल्लीच्या टोकाला ऐकू जायची, ती आता ताटलीवर चमचा वाजवून मला बोलवायला लागली. लग्न झाल्यापासून मी तिला ‘जरा हळू बोल गं’ म्हणत आलो. आता घरात एवढी शांतता झाली होती की संध्याकाळी माग बंद करायलाच मला नको वाटायचं.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, कफ पातळ राहिला आणि नळी तुंबली नाही, तर शिमग्यानंतर नळीच्या तोंडाला बूच लावून बघू. बूच टिकलं की हवा पुन्हा नाकातोंडातून फिरेल, आवाज येईल, आणि पुढं नळीसुद्धा काढता येईल. संक्रांतीच्या सुमारास एकदा कफ वाळून नळी तुंबली होती. तसं पुन्हा झालं तर परत आयसीयू, आणि मग बुचाचं नाव काढायचं नाही.

हे सगळं मला खरं समजावलं ते उपासनानं. उपासना त्याच दवाखान्यात नर्स आहे. पोरगी निपाणीची. तिच्या आईनं, गंगव्वानं, विड्या वळून तिला शिकवलं. ड्यूटीवर जाताना ती वाट वाकडी करून आमच्याकडे यायची, जयाची नळी साफ करायची, आणि चहासुद्धा उभ्याउभ्याच प्यायची.

“काका, नाक काय नुसतं वास घ्यायला न्हाय,” ती म्हणाली. “आत जाणारी हवा ते गरम करतंय, ओली करतंय, गाळतंय. मावशींची हवा आता नाकाला चुकवून थेट आत जायलीय. म्हणून खोलीतली हवा तरी ओली पायजे.”

ओलाव्याचं मला कुणी शिकवावं, हे काही मला रुचलं नाही. आम्ही विणकर. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून उन्हाळाभर मागाच्या खोलीत जमिनीवर पाणी शिंपडून ठेवतो. धागा हातात घेतला की आज पाणी किती मारायचं ते मला कळतं. बायकोचा श्वास हा काही धागा नव्हे, एवढं मात्र कळायला वेळ लागला.

पहिलं यंत्र आमच्या सौरवनं पाठवलं. तो बेंगळुरात असतो. अल्ट्रासॉनिक का काय म्हणतात ते. गरम होत नाही, आवाज करत नाही, तोंडातून थंड धुकं सोडतं आणि वर निळा-हिरवा दिवा लावतं. मी त्यात आमच्या बोअरचं पाणी भरलं आणि कौतुकानं बघत बसलो. थोड्याच दिवसांत आरशावर, टीव्हीवर आणि जयाच्या भुवयांवरसुद्धा पांढरी पूड बसली. शेजारच्या शामूनं भिंत घासायला काढली असणार, असं ठरवून मी त्याच्या दारात जाऊन त्याला चार शब्द सुनावले. शामू माझ्याच वयाचा, त्याच्याकडेही माग आहेत.

दुसऱ्या दिवशी उपासनानं आरशावरून बोट फिरवलं.

“पाणी कुठलं घातलासा?”

“बोअरचं.”

“तेच की वो. हे मशीन पाण्याचे बारीक थेंब करून उडवतंय. पाण्यात जे काय हाय ते सगळं संगट उडतंय. तुमच्या बोअरला क्षार किती! ही पूड मावशींच्या छातीत जायची. फिल्टर प्लांटच्या कॅनचं पाणी घाला आणि रोज भांडं धुऊन पाणी बदला, न्हायतर जंतूबी उडतील.”

मी शामूकडे गेलो आणि चुकलं म्हणालो. संध्याकाळी तो स्वतःच्या घरातलं वाफेचं यंत्र घेऊन आला. हे दुसरं. यात पाणी उकळतं, क्षार तळाशी राहतात, जंतू मरतात, वर येते ती नुसती स्वच्छ वाफ. शामूनं प्रेमानं त्यात निलगिरीचं तेलही टाकलं. जया खोकून खोकून लाल झाली. तेव्हा कळलं की गळ्यात नळी असलेल्या माणसाला असलं तेल चालत नाही, आणि हे यंत्र हात लागणार नाही एवढ्या लांब ठेवायचं, कारण कलंडलं तर भाजायचं. उपासनानं ते थंडीच्या सकाळपुरतं कोपऱ्यात, स्टुलावर ठेवून दिलं.

तिसरं यंत्र टेम्पोतून आलं. जयाचा धाकटा भाऊ रवळू खानापूरकडच्या गावात शेती करतो. बहिणीला ओली हवा पाहिजे एवढंच त्याच्या कानावर गेलं आणि त्यानं गोठ्याला लावलेला मोठा कूलर उचलून आणला.

“दाजी, ह्येच्यापुढं आमच्या म्हशीबी गप झोपत्यात,” तो म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

जयाचं पांघरूण उडालं. तिनं चमचा घेऊन ताटली अशी बडवली की रवळूनं स्वतःच प्लग काढला. उपासना आली तेव्हा तोंडावर रुमाल धरून हसत होती. म्हणाली, कूलरची पद्धत तशी चांगलीच, ओल्या जाळीतून हवा जाते, पाणी आपोआप उडतं आणि क्षार जाळीवरच राहतात, घरात वापरायची छोटी यंत्रंही त्याच पद्धतीची मिळतात. पण हा गोठ्यातला, जाळीला बुरशी आलेली, शिवाय असला झोत आजारी माणसाच्या अंगावर घ्यायचा नसतो. रवळूचं तोंड एवढंसं झालं. तिनं त्याला सौरवनं पाठवलेला ओलावा मोजायचा काटा दाखवला आणि काटा पन्नासाच्या आसपास राहतो का ते रोज फोन करून विचारायला सांगितलं. तो खूश झाला. त्यानंतर रोज सकाळी त्याचा फोन यायचा, काटा कुठं हाय म्हणून.

मग शिवरात्र झाली आणि कोरडा वारा सुटला. त्यातच दुपारची लाईट जायला लागली. लाईट गेली की यंत्र बंद, काटा खाली, आणि जयाच्या छातीत घरघर. एका दुपारी मला सुचलं, की आपल्या घरात लाईट नसतानाही ओली राहणारी एक खोली आहेच की. मागाची. पाणी शिंपडलेली जमीन, ओली पोती टाकलेली, बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गार. जे सुताला मानवतं ते हिला का नाही मानवणार? मी खाट उचलून मागाच्या खोलीत नेली. जयालाही आवडलं. किती महिन्यांनी तिला माग दिसत होता. लाईट आली तेव्हा तिनंच हातानं खूण केली, चालू करा. मागावर निळं सुती लुगडं होतं. मी माग चालू केला, ती काठाकडे बघत बसली आणि मला वाटलं, हेच आधी का नाही सुचलं.

असे दोन-तीन दिवस गेले; तेवढे दिवस उपासना निपाणीला आईकडे गेली होती आणि नळी मीच साफ करत होतो. मग एका सकाळी ती नाश्ता करताना थांबली, गळ्याला हात लावला, आणि तिच्या नळीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ओठ काळपट पडले. चमचा खाली पडला तो तिला उचलता येईना. मी उपासनाला फोन लावला. ती आदल्या रात्रीच परतली होती आणि आमच्याकडे यायच्या वाटेतच होती, गल्लीत स्कूटर तशीच टाकून धावत आली. तिनं गळ्यातल्या नळीच्या आत असते ती बारीक नळी काढली, दुसरी बसवली, छोट्या यंत्रानं कफ ओढून घेतला. जयानं मोठा श्वास घेतला तेव्हा कुठं मी भिंतीला टेकलो.

उपासनानं काढलेली नळी खिडकीपाशी उजेडात धरली. आत चिकट कफ होता आणि त्या कफात निळा कापूस. आमच्या लुगड्याच्या सुताचा.

“काका,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला, “मी ओली हवा म्हणाले तवा गाळलेली हवा पण म्हणाले होते का न्हाय? ह्या खोलीत तुमच्याच नाकात किती सूत असतंय बघा. तुमचं नाक ते अडवतंय. मावशींना अडवायला काय हाय?”

बायकोला जगवायला निघालो होतो आणि माझ्याच मागाचं सूत तिच्या छातीत घालत होतो. त्या खोलीत माझा जन्म गेला, पण तिथली हवा मी एकदासुद्धा बायकोच्या गळ्यातून घेतली नव्हती. मी खाली बसलो आणि चक्क रडलो. उपासना म्हणाली, “वेळेत फोन केलासा, ते बरं झालं. नळी पुरी तुंबली न्हवती. बुचाची आशा अजून गेलेली न्हाय.”

तिनं पिशवीतून बाटलीच्या झाकणाएवढी एक वस्तू काढली आणि जयाच्या नळीवर बसवली. आत कागदाच्या घड्या होत्या. बाहेर जाणाऱ्या श्वासातला ओलावा आणि ऊब त्या घड्या धरून ठेवतात आणि आत येणाऱ्या हवेला परत देतात, वर धूळही अडवतात. त्याला लाईट लागत नाही, पाणी लागत नाही. दवाखान्यात त्याला कृत्रिम नाक म्हणतात. “हे रोज बदलायचं,” ती म्हणाली. “दुपारी लाईट गेली की ओली चादर पिळून खिडकीवर टाकायची. खाट परत मधल्या खोलीत. आणि काका, ह्या घरातला माग बंद.”

मागावरचं लुगडं अर्ध्यावर होतं, व्यापाऱ्याला शब्द दिलेला होता. तरी मी लगेच हो म्हणालो. शामूला कुणी सांगितलं कुणास ठाऊक, दुपारी तो माणसं घेऊन आला, माझ्या मागावरचं ताण्याचं बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, अर्ध्या लुगड्यासकट उचललं आणि स्वतःच्या मागावर चढवलं. त्याचं काम त्यानं मागे ठेवलं. मी म्हणालो, “शामू, मी तुला काय काय बोललो, रं.” तो म्हणाला, “बीम धर त्या बाजूनं.” आमच्या भिंतीकडची त्याची खिडकीही त्यानं पत्र्यानं बंद करून टाकली, सूत उडून येऊ नये म्हणून. त्या दिवशी या गल्लीत राहतो याचं मला फार बरं वाटलं.

शिमगा झाला. कफ पाण्यासारखा पातळ राहिला. ठरलेल्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. सौरव बेंगळुरूहून आला होता, रवळू गावाहून आला होता. उपासनाची ड्यूटी दुसऱ्या मजल्यावर होती, ती सुट्टी मागून खाली आली आणि दाराशी उभी राहिली. डॉक्टरांनी नळीभोवतीचा, हवा वर जाऊ न देणारा फुगा रिकामा केला, कृत्रिम नाक काढलं आणि लाल रंगाचं छोटं बूच लावलं.

जया घाबरली. तिनं माझा हात धरला. नाकानं श्वास घ्यायचं ती विसरलीच होती जणू. उपासना दारातूनच म्हणाली, “मावशी, हळू. नाकानं. फुलाचा वास घेताना घेतासा तसा.” जयानं घेतला. पुन्हा घेतला. तिच्या नाकपुड्या हलताना मी बघितल्या आणि मला दुसरं काही नको झालं.

डॉक्टर तरुण होते, हसून म्हणाले, “आता बोलून बघा, आक्का. तुमचं नाव सांगा.”

जयानं ओठ ओले केले. आधी नुसती हवा आली. मग एक खरखरीत, जाडसर आवाज आला, तिचा नव्हे वाटावा असा, पण तिचाच.

“उपासना.”

डॉक्टरांनी हातातल्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, इतके दिवस आजारी राहून हिच्या डोक्यात काही झालं की काय. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून सावकाश म्हणाले, “आक्का, मी तुमचं नाव विचारलं. तुमचं.”

“माझं कागदावर हाय की,” जया म्हणाली. तिला दम लागला, ती थांबली, नाकानं श्वास घेतला आणि दाराकडे बोट केलं. “हिचं कुठं लिवलंय? पैला हिचं लिवा.”