बिनटँकरचा नंबर

मी सत्यभामा. घाटनांदूरच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावच्या दूध संस्थेची मी सचिव. सचिव म्हणजे दूध मोजणारी, फॅट लावणारी, पेंडीचं पोतं ज्याला मिळालं नाही त्याच्या शिव्या खाणारी आणि चेअरमन मोहनराव जे जे विसरतात ते लक्षात ठेवणारी. त्यात दुष्काळ. म्हशींचं दूध आटलं, पण माणसांची भांडणं काही आटली नाहीत. घरी सासूबाई, नवरा, दोन म्हशी आणि माझी दुखरी कंबर.

एका सकाळी फॅट लावता लावता मी धाडकन खाली पडले. दूध मात्र सांडू दिलं नाही, असं गाव नंतर कौतुकाने सांगत होतं. अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरीणबाई वयाने पोरगेलीच, पण दरारा माझ्या सासूइतका. म्हणाल्या, "रोज दुपारी एक तास काहीही करायचं नाही. महिन्याने या. बीपी असंच राहिलं तर सरळ भरती करून घेईन." भरती व्हायची मला भीती नव्हती. मी आठ दिवस नसले तर फॅट मोहनराव लावतील, याची होती. त्यांना फॅटच्या मशीनचं बटणही सापडत नाही. तेव्हा एक तास मिळवणं भागच होतं.

पहिल्या दिवशी मी घरीच आडवी झाले. सासूबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, "सत्यभामा पडलीया. दिवसाढवळ्या!" दिवसा पडलेल्या माणसाला भेटायला येण्याची आमच्याकडे रीत आहे, आणि भेटायला आलेल्याला चहा देण्याचीही. तासाभरात नऊ जण आले. नऊही जणांनी "काय हुतंय?" विचारलं आणि नऊ कप चहा मीच केला. शेजारची छबुबाई तर जाताना म्हणाली, "जप बाई जिवाला. आन् चहात जरा आलं टाकत जा." माझं बीपी तेव्हाच वाढलं असणार.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या खोलीला आतून कडी लावून बसले. दोनच मिनिटांत मोहनराव दार बडवायला लागले.

"सत्यभामाबाई, कावून कडी लावली? आत काय करायलाव?"

"काईच न्हाई," मी म्हणाले.

हे उत्तर त्यांना इतकं संशयाचं वाटलं की ते दोन संचालक बोलावून घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर होता. आमच्याकडे टँकर तीन दिवसांआड येतो, शाळेमागच्या लिंबाखाली. नुसती घागर ठेवून गेलं की ती आपोआप मागे सरकते, आणि सरकवणारा काही सापडत नाही. म्हणून गावाने ठरवून टाकलं होतं: घागरीपाशी माणूस पाहिजे, उठला की नंबर गेला. मी तशी बसले असताना नवरा आला. "माजा शर्ट कुटं हाय?" म्हणाला, मग माझी घागर बघितली आणि "बस, बस, मीच बघतो" म्हणून चालता झाला. लग्नाला सोळा वर्षं झाली, हे वाक्य मी प्रथमच ऐकत होते. मोहनरावही लांबूनच मला बघून परत फिरले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नंबरात बसलेल्या बाईला या गावात कुणी काम सांगत नाही.

झालं. चौथ्या दिवशी दुपारी, टँकरचा वार नसताना, मी रिकामी घागर घेऊन लिंबाखाली गेले. घागर पुढे ठेवली, खोडाला टेकले आणि पदर डोळ्यांवर ओढला. काय सांगू ते सुख!

ते सुख पाच मिनिटं टिकलं. मागे घागर टेकल्याचा आवाज आला. बघते तर छबुबाई. तिने मला काही विचारलंच नाही. सचिवबाई बसलीय, म्हणजे टँकरची आतली खबर असणार, असं तिचं तीच ठरवून आली होती. तिला बघून आणखी दोघी आल्या, त्यांना बघून गल्ली आली. अर्ध्या तासात घागरी, कळशा, ड्रम, तेलाचे डबे असा नंबर शाळेला वळसा घालून गेला. सासूबाई आल्या आणि नात्याच्या जोरावर सरळ माझ्या मागे घुसल्या.

आता खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडणार, तोच मोहनराव आले. गावाला ठाऊक आणि चेअरमनला ठाऊक नाही, असं कसं चालेल? रांगेवरून नजर फिरवून ते म्हणाले, "म्याच फोन लावलता तहसीलला. जादाचा टँकर मागवलाय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खरं बोलले तर चेअरमन तोंडघशी पडणार होते. खरं तर मला झोप येत होती. मी पदर पुन्हा डोळ्यांवर घेतला.

उठता कुणालाच येत नव्हतं. आधी लोक भांडले, मग गप्पा मारल्या, मग एकेकाची मान कलली. बायका एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या. मोहनराव डब्यावर बसल्या बसल्या घोरू लागले. सासूबाई तेवढ्या टक्क जाग्या, सगळ्यांच्या घागरींवर नजर ठेवून. मी मात्र तासभर मेल्यासारखी झोपले.

जाग आली ती आरडाओरडीने. संचालक आसाराम मोहनरावांसमोर उभा होता. "टँकर कुटाय? कोनाला फोन लावलता? दावा बरं मोबाईल!" मोहनराव केविलवाणं माझ्याकडे बघत होते. मला त्यांची दया वगैरे आली नाही, पण घोळ माझ्यापासूनच सुरू झाला होता. मी उठून उभी राहिले.

"टँकर आज येनारच नव्हता," मी म्हणाले. "डॉक्टरनं मला रोज एक तास गप बसायला सांगितलंय. घरी बसू देत न्हाईत, संस्थेत बसू देत न्हाईत. नंबरात तेवढं कुनी उठवत न्हाई. म्हनून बसले."

आता सचिवपद गेलं आणि दुपारही गेली, असं वाटून मला रडू फुटलं. तेवढ्यात सासूबाईंनी घागर उचलली. ती आता माझ्या डोक्यात बसते म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"उद्या किती वाजता बसायचंय?" त्यांनी विचारलं.

"दोनला," मी नाक पुसत म्हणाले.

"उद्या बी टँकर न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग ठीक हाय," म्हणाल्या आणि घराकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पावणेदोनलाच गेले, तरी माझ्या पुढे वीस घागरी होत्या. वीसही बायका झोपलेल्या. सगळ्यात पुढे, खोडाला टेकून, तोंड उघडं टाकून सासूबाई झोपल्या होत्या. सोळा वर्षांत त्यांना दिवसा झोपलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. घागरीचा आवाज होऊ नये म्हणून मी ती हळूच मातीत टेकवली आणि एकविसाव्या नंबरावर बसले.