चालू स्थितीत

बाहुलीच्या पाठीवरचं झाकण तिने नखाने उचकटलं, ड्रॉवरमधले दोन सेल आत बसवले आणि पोट दाबलं. आधी खरखर झाली. मग एका लहान मुलीचा आवाज आला, जेमतेम एक वाक्य, आणि त्यामागोमाग हसणं. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी शिक्के हाणत होतं, पट्ट्यावरून खोकी धडधडत येत होती. तिने मान डोलावली, पाठीवरचं लाल बटण दाबून धरलं आणि बाहुलीच्या कानाशी वाकून ती म्हणाली,

"एक, दोन, तीन. ऐकू येतंय का?"

मग पुन्हा पोट दाबलं.

"एक, दोन, तीन. ऐकू येतंय का?" बाहुलीने तिच्याच आवाजात विचारलं.

तिने कागदावर शेरा मारला: चालू.

परदेशातून येणाऱ्या पार्सलांची किंमत ठरवून त्यावर शुल्क लावायचं, हे तिचं काम. तिच्या टेबलावर यायची ती शौकिनांची पार्सलं. जुनी घड्याळं, पत्र्याच्या मोटारी, फुटक्या तोंडाचे कॅमेरे; दुसऱ्याच्या माळ्यावरची अडगळ पैसे मोजून आपल्या माळ्यावर आणणारे लोक. वस्तू चालू असेल तर शुल्क जास्त, बंद असेल तर निम्मं. त्यामुळे ज्याला त्याला आपली वस्तू बंदच हवी असायची. बाकीचे तपासनीस वरवर नजर टाकून मोकळे व्हायचे. ही मात्र प्रत्येक खेळण्याला चावी द्यायची, प्रत्येक रेडिओ लावून बघायची, आवाज भरणारं यंत्र असेल तर त्यात आवाज भरूनही बघायची. कुणाची डाळ शिजू द्यायची नाही. हॉलमध्ये तिला चाचणीबाई म्हणत. म्हणणाऱ्यांना वाटायचं आपण चेष्टा करतोय. तिला मात्र ते नाव मनातून आवडायचं. यंत्रातून आवाज येतो की नाही, एवढं ती कान देऊन ऐकायची. काय येतो ते ऐकत बसायला सवड कुणाला होती?

या बाहुलीचं प्रकरण जरा निराळं होतं. याच पत्त्यावर, याच माणसाच्या नावाने, अशीच बाहुली आठव्यांदा आली होती. बाहुली बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता आणि बाहेरदेशी तिला आता चांगला भाव येत होता.

"एकसारख्या आठ बाहुल्या शौकाला कोण मागवतं?" साहेब सकाळी म्हणाले होते. "दुकान असणार त्याचं. बोलावून घ्या. घरच्यासाठी आहे हे पटवून दिलं तर सोडा, नाहीतर माल जप्त."

दुपारी तो आला. म्हातारा, सडसडीत, गळ्यातली मोजपट्टी काढायचीच विसरलेला. बोटात अंगुस्तान. शिंपी आहे हे विचारायची गरज नव्हती.

"बसा काका," ती म्हणाली. "हे पार्सल तुमचंच ना?"

तो बसला नाही. मान जराशी तिरकी करून तिच्याकडे बघत राहिला.

"पुन्हा बोला बरं, ताई."

"काय बोलू? पार्सल तुमचं का, असं विचारलं."

"आवाज ओळखीचा आहे तुमचा," तो म्हणाला. "फारच ओळखीचा."

खिडकीशी आलेले लोक ओळखी काढतातच. कुणी गाववाला निघतो, कुणी लांबचा मेहुणा. तिने कानाआड केलं आणि कागद पुढे ओढला.

"आठ बाहुल्या झाल्या, काका. विकता का?"

"छे हो." तो ओशाळून हसला. "एक सापडली की बाकीच्या कुणालाही देऊन टाकीन. मला एकच हवी आहे."

"कुठली?"

"आमच्या पोरीची."

त्याने सांगितलं ते थोडक्यात सांगितलं, बिल समजावून सांगावं तसं. पोरगी सात वर्षांची होऊन तापाने गेली. बाहुलीत तिचा आवाज राहिला होता. बायको दिवसभर बाहुलीचं पोट दाबत बसायची. जेवण नाही, झोप नाही. एक दिवस बायको डोळा लागून पडली असताना त्याने बाहुली उचलली आणि भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवली.

"वाटलं, ही वाचेल," तो म्हणाला. "वाचली म्हणायची. माझ्याशी बोलली नाही पुष्कळ वर्षं. आता म्हातारपणी विसरायला लागली आहे, तेव्हा कुठे बोलते."

भंगारवाल्याचा सगळा जुना माल एका व्यापाऱ्याने परदेशी नेला, हे त्याला फार उशिरा कळलं. भाचा तिकडे नोकरीला होता. अशी बाहुली कुठे विकायला निघाली की तो घेऊन पाठवायचा.

"मग आधीच्या सातांत काय निघालं?" तिने विचारलं. विचारायला नको होतं, हे तिला शब्द तोंडातून गेल्यावर कळलं.

"मजाच आहे. मला वाटलं होतं कुणा कुणाची पोरं बोलतील, परक्या भाषेत. पण सातही बाहुल्यांत एकच बाई. एक, दोन, तीन, ऐकू येतंय का. कारखान्यातच भरत असतील, म्हटलं." तो थांबला. तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "आमची ही रोज संध्याकाळी सगळ्या ओळीने मांडते. एकेकीचं पोट दाबते. ऐकू येतंय का म्हटलं की सांगते, येतंय गं बाळा, येतंय. सात वेळा सांगते."

चाचणीबाईंच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं तिथेच राहिलं. त्याच्याखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला. सात घरांतल्या सात पोरांचे आवाज तिने आपल्या हाताने पुसले होते, आणि प्रत्येक वेळी वर समाधानाने शेरा मारला होता. आणि आज सकाळी आठवा. सकाळचा आवाज काय म्हणाला होता, ते तिने आठवून बघितलं. मुलगी होती. हसली होती. पलीकडे शिक्के पडत होते. याच्यापुढे काही म्हणता काही हाताला लागेना.

"ही बोलते का?" त्याने विचारलं.

"बोलते," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

त्याने बाहुली दोन्ही हातांत घेतली, पण पोट दाबलं नाही. "इथे नको. घरी जाऊन ऐकतो, दोघं मिळून." मग फ्रॉकची पाठ बघून त्याने जिभेने च्यक केलं. सकाळी झाकण उघडताना तिने ती शिवण फाडली होती. "असं उघडं नेऊ नये पोरीला. दोन टाके घालू का?"

परवानगीची वाट न बघता त्याने खिशातून सुईदोरा काढला. मोजपट्टीच्या टोकाला टोचलेल्या टाचण्या काढून ओठांत धरल्या आणि कापड दुमडून एकेक टाचणी लावायला घेतली. ओठांतल्या टाचण्या त्याच्या श्वासाबरोबर हलत होत्या.

तिने ते बघितलं, आणि तिच्या तोंडून वाक्य बाहेर पडलं. आठवून नव्हे, आपसूक.

"बाबा, तोंडात टाचण्या धरू नका ना."

सकाळी हे वाक्य आपल्याच भाषेत होतं, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं. परदेशाहून आलेली बाहुली आपल्या भाषेत बोलली होती, आणि तिने तिच्यावर लाल बटण दाबलं होतं.

शिंप्याने एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिने बाहुलीकडे बोट केलं. "हिने. सकाळी." मग टेबलाची कड घट्ट धरून ती म्हणाली, "मी तपासायला आवाज भरला, काका. माझा. तो वर बसला. आधीचा गेला."

त्याने पोट दाबलं. एक, दोन, तीन, बाहुली म्हणाली. ऐकू येतंय का?

तेव्हा कुठे तो खुर्चीवर बसला. ओरडेल, साहेबांना बोलवा म्हणेल, अशी ती वाट बघत होती. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"शेवटी हसली होती का?" त्याने विचारलं.

"हसली होती."

"मग तीच." तो बराच वेळ मान हलवत राहिला. "तीच ती."

तिने कागद पुढे घेतला. घरगुती, असं लिहिलं. साहेबांचं काय ते ती बघून घेणार होती. मग 'चालू'वर काट मारायला पेन उचललं. "बंद लिहिते, काका. शुल्क निम्मं होईल. तेवढं तरी करू द्या मला."

अंगुस्तान घातलेलं बोट कागदावर येऊन टेकलं.

"चालूच राहू द्या. तिच्या नावापुढे बंद लिहू नका."

मग त्याने बाहुली पालथी केली, लाल बटणावर अंगठा ठेवला आणि ती चाचणीबाईंच्या तोंडापुढे धरली.

"सकाळी ऐकलंत, तसंच म्हणा."

"माझ्या आवाजात? काकूंना कळेल ना हो."

"तिला तुमच्याच आवाजाची सवय आहे," तो म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

आयुष्यात पहिल्यांदा ती यंत्रासमोर घाबरली. खाली वाकून, हळू, पण एकही शब्द न चुकता तिने ते वाक्य म्हटलं. म्हणून झाल्यावर तिने वर बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते. पट्ट्यावरून खोकी धडधडत चालली होती, शिक्के पडत होते, आणि ते सगळं आत भरलं जात होतं. त्याने अंगठा काढला नव्हता. हसायचं अजून राहिलं होतं.