मेघवनाच्या राणीची सही

उंबरगवणच्या माळावर येत्या शुक्रवारी राक्षस, चेटकिणी, टोकदार कानांचे वनवासी आणि तीनशे शूर सरदार उतरणार होते, आणि त्या सगळ्यांच्या संडासाची सोय हरेश कडवनं पत्करली होती.

मुंबई-पुण्याची शिकलीसवरलेली माणसं ऑफिसला सुट्टी टाकून तीन दिवस 'मेघवन' नावाच्या राज्यात राहणार, पालात झोपणार, चुलीवरचं खाणार, फोमच्या तलवारींनी एकमेकांना हाणणार, आणि कोणी खरं नाव विचारलंच तर सांगणार नाहीत. ह्याला म्हणे महोत्सव म्हणतात. पळसदरीच्या पलीकडं ह्या गावात आजवर पुष्कळ माणसं पालात झोपली, पुष्कळांनी चुलीपुढं डोळे चोळले. तिकीट काढून बघायला कोणी फिरकलं नव्हतं. पण दिवस बदलतात, बाबा.

तयारी महिनाभर चालली होती. महोत्सवाच्या मुख्य बाई अल्मास. मूळच्या मोहोपाड्याच्या, आता मुंबईत. हातात कायम वही, गळ्यात शिट्टी. बाईंचा सगळा जीव जुनेपणावर. सुताराकडून नव्या फळ्यांची वेस बांधून घेतली, आणि ती जुनी दिसावी म्हणून त्याच सुताराला कुऱ्हाडीनं ठेचायला लावली. कशेळ्याच्या बाजारातून पांढऱ्याशुभ्र चादरी आणल्या आणि चहाच्या पाण्यात बुडवून मळवल्या. गावातली वीस माणसं 'गावकरी' म्हणून उभी करायची ठरली, तर पहिल्याच दिवशी बाई कपाळाला हात लावून बसल्या. एकही जण गावकरी दिसत नव्हता. सगळे जीन्समध्ये. शेवटी गावकऱ्यांसाठी गावकऱ्यांचे कपडे कर्जतहून भाड्यानं मागवावे लागले.

हर्षला हे सगळं ओट्यावरून बघायची आणि पोट धरून हसायची. चार दिवसांमागे भागूबाई आली आणि तिचं हसू गेलं.

हर्षला ही हरेशची बायको. आणि हो, उंबरगवणची सरपंच. हे दुसरं सांगायचं राहूनच जातं, आणि त्यात सांगणाऱ्याचा दोष नाही. गावाच्याही ते लक्षात राहत नाही. दोन वर्षांपूर्वी सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. हरेशची सगळी तयारी वाया गेली. मग त्याला आठवलं, की अरे, आपल्या घरात एक महिला आहे! फ्लेक्सवर फोटो दोघांचे लागले, त्याचा मोठा. निवडून ती आली, गुलाल त्यानं अंगावर घेतला. तेव्हापासून पंचायतीतल्या खुर्चीवर हरेश बसतो, कोणी 'सरपंच' म्हटलं की हरेश 'ओ' देतो, आणि हर्षला सगळ्यांची वहिनी होऊन सह्या करते. ग्रामसेवक भाऊसाहेब तर सह्यांची फाईल थेट तिच्या स्वयंपाकघरात पाठवतात. बारावी पास झालेल्या बाईला सहीची जागा पेन्सिलीची फुली मारून दाखवतात. किती ती काळजी!

तर भागूबाई. खालच्या आळीतली म्हातारी, तोंडानं फटकळ. दारातूनच म्हणाली, "हर्षले, ते संडास कुठं खनतात, म्हाईत हाय का तुला?"

"माळावर ना, मावशी?"

"आमच्या हिरीच्या डोक्यावर! तीस खड्डे मारतात तिथं. चैतात आमच्या आळीला दुसरं पानी नाय. तीनशे लोकांचं सगळं झिरपून आमच्या हंड्यात येनार. तू सरपंच ना गं?"

दोन वर्षांत हे वाक्य हर्षलाला पहिल्यांदाच कोणी ऐकवलं होतं. ती जाऊन बघून आली. चुन्यानं आखणी झालेली. शेवटच्या खड्ड्यापासून विहीर चाळीस पावलांवर, आणि उतार सरळ विहिरीकडे. हे कळायला काही इंजिनियर व्हावं लागत नव्हतं.

हरेश जेवायला बसला तेव्हा तिनं विषय काढला. "अहो, ते संडास रस्त्याच्या अंगाला घ्यायला सांगा. तिकडं खाली कोनाची विहीर नाय."

"तिकडं त्यांचा ड्रॅगन हाय."

"मग ड्रॅगन हलवा."

"अगं, तीस फुटी हाय तो! मी बाईंना शब्द दिलाय. तुला काय कळतं त्यातलं? तू सही कर फकस्त."

सही म्हणजे पंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावरची. मासिक सभेत ठराव झाला होता; म्हणजे हरेशनं सांगितला आणि सदस्यांनी चहा घेतला. उरली होती ती सरपंचाची सही. हर्षलानं ती तीन दिवस टाळली. एकदा हाताला पीठ होतं, एकदा पेन सापडेना, एकदा डोकं दुखत होतं. पण डोकं किती दिवस दुखणार? सही झाली की चाळीस घरांच्या पिण्याच्या पाण्यात घाण जाणार, आणि कागदावर नाव हिचं. हे काही तिच्या गळी उतरेना. नाही म्हणायची तिची तयारी होती. पण ते कुठं बसून म्हणायचं? खुर्ची तर रिकामी नव्हती.

रविवारी सकाळी रंगीत तालीम होती. मेघवनाची राणी होणारी नटी मुंबईहून आलीच नाही. तिला म्हणे शूटिंग लागलं. अल्मासबाई हवालदिल. "राणीच्या जागी बसायला कोणीतरी द्या हो, सरपंचसाहेब. बोलायचं काही नाही. नुसतं बसायचं."

"आमच्या हिला बसवा," हरेश म्हणाला. "तिला सवय हाय."

मग काय, हर्षलाच्या साडीवरून जांभळी मखमल पांघरली, डोक्यावर पत्र्याचा मुकुट ठेवला आणि तिला सिंहासनावर बसवलं. सिंहासन म्हणजे मांडववाल्याकडची नवरा-नवरीची खुर्ची. तिचाही सोनेरी रंग मुद्दाम खरवडला होता. हरेशला द्वारपाल केलं होतं. हातात भाला, अंगात चिलखत. ते पोटावर बसत नव्हतं म्हणून मागून नाडीनं बांधलेलं. भाऊसाहेब कापसाची दाढी लावून प्रधान झाले होते. भाड्याच्या धोतरात गावकरी उभे होते, आणि त्यांच्यात भागूबाईही होती.

बाईंनी भोंग्यावरून नियम वाचले. मेघवनात सोंग मधेच सोडायचं नाही. राणीचा शब्द शेवटचा. राणी बोलत असताना मधे बोलेल त्याची रवानगी अंधारकोठडीत, म्हणजे हरेशच्या गोठ्यात. मग त्यांना आणखी एक कल्पना सुचली. "सरपंचसाहेब, तुमचा तो दाखला दरबारात सादर केला तर? रील भारी होईल!"

हरेशचे डोळे लकाकले. तीन दिवस बायको सहीला हाती लागत नव्हती. इथं पन्नास माणसांदेखत कुठं पळेल? "सादर कशाला," तो म्हणाला, "सहीच घेऊ की, बाई." बाईंना वाटलं, ही सही सोंगातली, खरी मग सरपंचसाहेब करतील.

कॅमेरा सुरू झाला. द्वारपाल भाला टेकत पुढं आला, चिलखत आवळत गुडघ्यावर बसला, आणि कागद-पेन पुढं करत म्हणाला, "महारानी, ह्याच्यावर सही व्हावी."

हर्षलानं कागद घेतला आणि वाचायला लागली. दरबार थांबला. कागद अल्मासबाईंनीच टाईप करून आणला होता. हरेशनं तो शेवटपर्यंत वाचला नव्हता. कागदाचं खालचं काम बायकोचं, अशी त्याची दोन वर्षांची पद्धत. तिनं मात्र अगदी खालपर्यंत वाचला.   तिनं समोर बघितलं, तर भागूबाई तिच्याकडेच बघत होती.

"नामंजूर," हर्षला म्हणाली.

बाईंबरोबर आलेल्या मुंबईच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. काय अ‍ॅक्टिंग, काय अ‍ॅक्टिंग!

"अगं, काय करतीस?" हरेश दातओठ खात पुटपुटला. "कर सही!"

बाईंनी शिट्टी फुंकली. "द्वारपाल मधे बोलणार नाही! मॅडम, सुंदर चाललंय. पुढं बोला."

मॅडम पुढं बोलल्या. "संडास रस्त्याच्या अंगाला न्यायचे. ड्रॅगन इकडं आनायचा. ड्रॅगन काय झिरपत नाय. खालच्या आळीची विहीर हाय इथं, लोक पानी पितात."

पुन्हा टाळ्या. अल्मासबाईंची शिट्टी मात्र हातातच राहिली. त्या जवळ आल्या. "वहिनी, अभिनय छान आहे, पण हा कागद खरा आहे हं. हा मला लागणारच."

"मी पन खरंच बोलते."

बाई हरेशकडे वळल्या. "सरपंचसाहेब, सांगा ना वहिनींना."

हरेश उठला. रागानं कानापर्यंत लाल झाला होता. "बास झालं! उतर खाली. लोक हसतात."

"अवो बाई," गर्दीतून भागूबाईचा आवाज आला, "त्याला काय इचारता? सरपंच ती हाय. वर बसलीय ती!"

अल्मासबाईंनी प्रधानाकडे बघितलं. भाऊसाहेबांनी कापसाची दाढी हनुवटीखाली ओढली, खाकरले, हरेशकडे बघायचं टाळलं. "कायद्यानं… मॅडमच," ते म्हणाले. 'मॅडम' हा शब्द त्यांच्या तोंडून हर्षलासाठी पहिल्यांदाच निघाला होता, त्यामुळे जरा अडखळत निघाला.

"म्हणजे सही ह्यांची लागते?" बाईंचा चेहरा उतरला. "आणि मी महिनाभर…"

"बाई, नाव पन चुकलंय," हर्षलानं कागद परत दिला. "खाली लिवलंय, सरपंच श्री. हरेश कडव. असा कोनी सरपंच आमच्या गावात नाय."

कोणीतरी फिसकन हसलं. हरेशच्या चिलखताची नाडी सुटून लोंबत होती. क्षणभर हर्षलाला त्याची दया आली. खरंच आली. नवरा होता तो तिचा, वाईट माणूस नव्हता. दोन वर्षं गावानं हाक मारली आणि त्यानं ओ दिली, एवढंच. पण दया येऊन विहीर वाचणार नव्हती.

"आधी खड्डे हलवा," ती बाईंना म्हणाली. "मग सही."

"आणि मी?" हरेशनं विचारलं. अगदी हळू आवाजात विचारलं.

"तुमी चुना घ्या. रस्त्याच्या अंगाची जागा दाखवा मानसांना. तुमाला म्हाईत हाय माळ."

 त्यानं भाला सिंहासनाला टेकवून ठेवला आणि गेला.

दुपारी चारपर्यंत नवी आखणी झाली. वीस गावकऱ्यांनी धोतरं सावरत, एकमेकांना शिव्या घालत तीस फुटी ड्रॅगन इकडं आणला. हर्षलानं स्वतः जाऊन उतार बघितला. भाऊसाहेबांनी हातानं दुसरा दाखला लिहिला आणि तिच्या पुढं धरला. तोवर मुकुट कोणीतरी नेला होता, मखमलही नेली होती. तिनं मांडीवर कागद घेतला आणि आजवरच्या घाईच्या फराट्याऐवजी पूर्ण नाव लिहिलं. सौ. हर्षला हरेश कडव.

हरेश शेजारी उभा राहून बघत होता, हात कोपरापर्यंत चुन्यानं पांढरे. त्याचं नाव मधे आलं. तेवढी जागा त्याची होतीच, ती तिनं काढून घेतली नाही.