पळत नाही, पडतोय

मी एक जुना उपग्रह आहे. मित्रांनो, मला वर कुणी टांगून ठेवलंय असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही नाही. गेली अकरा वर्षं मी सारखा पडतोय!

पृथ्वी मला अखंड आपल्याकडे ओढते. पण मी आडवाही धावतो, सेकंदाला साडेसात किलोमीटर. मी जितका खाली येतो, तितकीच गोल जमीन माझ्याखालून वळून दूर जाते. म्हणून पडणं चालू राहतं, आपटणं होत नाही.

मला जोडलं ते आमच्या इंजिनिअर ताईंनी. एक स्क्रू कमी भरला, तर तो सापडेपर्यंत त्या जेवायला जात नसत. समुद्रावरच्या वादळांचे फोटो काढणं हे माझं काम. सुरुवातीला माझे फोटो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर यायचे. मग नवे उपग्रह आले आणि नियंत्रण कक्षातल्या माझ्या पडद्यावर कुणाचा तरी स्वेटर लटकू लागला.

इतक्या उंचीवरही विरळ हवा असते. ती घासून घासून मी पाचशे किलोमीटरवरून साडेतीनशेवर आलो. टाकीत जेमतेम बादलीभर इंधन उरलं. वादळांचा मोसम तोंडावर होता. समुद्राचा एक कोपरा नव्या उपग्रहांच्या वाटेत येत नसे; तिथून जाणारा मी एकटाच. तिथल्या कोळ्यांना वेळेवर सावध करणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात नियंत्रण कक्षात नवे साहेब आले. आधी ते रेल्वेची इंजिनं तपासायचे. त्यांनी स्वेटर बाजूला केला आणि दचकले.

"याचा वेग वाढलाय! ब्रेक मारा."

"साहेब, तो पळत नाहीये, पडतोय," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, आकडा समोर दिसतोय की!"

"घसरगुंडीवरून पोर खाली येतं तेव्हाही वेग वाढतो. म्हणून त्याला पळायची हौस आली म्हणायचं का? ब्रेक नको, उलट इंजिन लावून पुढे ढकलायला हवं."

खोलीत हशा पिकला. साहेब हसले नाहीत. "म्हणजे वेग जास्त असताना आणखी पुढे ढकलायचं?"

"हो. ढकललं की वर चढेल, आणि चढता चढता आपोआप हळू होईल. ब्रेक मारलात, तर महिन्याभरात जळून राख. मोसमात मग बोटींना कोण सांगणार?"

साहेबांनी कागद पुढे केला. "मांडून दाखवा." ताईंनी गणित मांडलं. साहेबांनी ते स्वतः पुन्हा दोनदा केलं आणि म्हणाले, "माझंच चुकत होतं. ढकला."

पहिल्या आज्ञेला माझी गारठलेली इंधनाची झडप उघडलीच नाही. दुसऱ्यांदाही नाही. ताईंनी हीटर चालू करायला सांगितलं. माझ्याकडे होती नव्हती ती वीज मी झडपेकडे वळवली. तिसऱ्या आज्ञेला ती उघडली! थोडं थोडं ढकलत मी चाळीस किलोमीटर वर चढलो आणि वेगाचा आकडा खाली आला.

नऊ दिवसांनी वादळ उठलं. माझा फोटो पोचला आणि सगळ्या बोटी वेळेत किनाऱ्याला लागल्या.

मित्रांनो, जुन्या यंत्राचा आकडा विचित्र दिसला, तर घाईने बटण दाबू नका. ते यंत्र ज्यांनी हातांनी जोडलं, त्यांना आधी विचारा. माझी टाकी आता कोरडी आहे. हवा मला पुन्हा खाली आणणार, हे मला ठाऊक आहे. पण हा मोसम आणि पुढचा, एवढी उंची हाताशी आहे. दोन्ही मोसम मी कॅमेरा उघडा ठेवूनच पडणार आहे.