शाळेची शाल अर्नाळ्याला गेली

मित्रांनो, मी एक जुनी शाल आहे. जुनी म्हणजे जीर्ण नव्हे हं, हे आधीच सांगून ठेवते! रंग डाळिंबी, काठ सोनेरी, आणि मला अंगावर घेतलं की हडकुळा माणूससुद्धा भारदस्त दिसतो. माझ्यात थोडी लोकर आहे. बाकीचं काय आहे ते विचारू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची!

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. तिथे थंडी अशी की माणसांचे दात वाजतात. मला वाटलं, आपण आता कुठल्यातरी बर्फाच्या गावी जाणार, कुणाला तरी ऊब देणार. पण माझी रवानगी झाली विरारच्या बाजारात, जिथे माणसं बारा महिने घाम पुसतात. दुकानाच्या फळीवर मी दोन वर्षं हिरमुसून पडले होते. मग एके दिवशी सेलिन बाई आल्या. आगाशीहून अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर सातवीपर्यंतची एक लहानशी मराठी शाळा आहे. बाई तिथल्या मुख्याध्यापिका. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हीच द्या. पाहुण्यांच्या सत्काराला हवी."

माझे पहिले पाहुणे म्हणजे एक निवृत्त गुरुजी. माझी घडी उलगडून बाईंनी मला त्यांच्या खांद्यावर घातलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. मला तर भरून आलं. पण चहा यायच्या आधीच गुरुजींनी मला काढून पुन्हा तबकात ठेवलं. म्हणाले, "बाई, माझ्या कपाटात अशा अठ्ठावीस पडल्यात. ही शाळेलाच राहू दे, पुढच्या पाहुण्याला होईल."

तेव्हापासून हा रिवाजच पडला. पाहुणे आले की मी कपाटातून बाहेर, फोटो निघाला की मी परत आत, भारताचा नकाशा आणि खडूंचे खोके यांच्यामध्ये. गावातला कुणी नवखा पाहुणा असला तर सेलिन बाई आधीच हळूच त्याच्या कानात सांगायच्या, "भाऊ, शाल तेवढी शाळेची आहे हं." तो हसायचा. सगळं कसं सुरळीत चालायचं.

खोटं कशाला बोलू? मला कपाटाचा कंटाळा यायचा. अकरा वर्षांत मी दीडशे खांद्यांवर बसले असेन, पण एकाही खांद्यावर दहा मिनिटांहून जास्त नाही. कुणाचं घर पाहिलं नव्हतं की अंगण पाहिलं नव्हतं. आणि काठाचे दोरे सुटून लोंबायला लागले होते, तिकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

आमच्या शाळेत शनिवारी दप्तर आणायचं नसतं. त्या दिवशी गावातलंच कुणीतरी येतं आणि आपलं काम मुलांना शिकवतं. कुणी केळी वाळवून सुकेळी कशी करतात ते दाखवतं, कुणी मोगऱ्याची वेणी. सहावीतली रिद्धी कितीतरी दिवस बाईंच्या मागे लागली होती, "बाई, माझ्या बाबांना बोलवा ना. ते जाळं विणतात." तिचे बाबा, तुळशीदास, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातले. तिसरीत याच शाळेतून जे पळाले ते पुन्हा या फाटकातून आत आलेच नव्हते. लेकीच्या पालकसभेलाही आई द्वारकाच यायची.

शेवटी पोरीच्या हट्टापुढे त्यांनी हात टेकले आणि एका शनिवारी ते आले. नेमक्या त्या दिवशी सेलिन बाई पालघरला मीटिंगला गेल्या होत्या. कार्यक्रम मयूर सरांकडे होता. सर नवे, शाळेत येऊन जेमतेम दोन महिने झालेले.

तुळशीदास खुर्चीवर असे बसले होते, जणू शिक्षाच मिळणार आहे. दोन्ही हात काखेत दडवले होते. पण सरांनी जाळं पुढ्यात ठेवलं आणि काय सांगू, तेच हात असे सरसर चालायला लागले की मुलं बघतच राहिली! एका मुलाने विचारलं, "काका, जाळ्याला एवढी मोठी भोकं कशाला? मासे पळतील ना?"

"बारीक मासा पलायलाच पायजे, बाला," तुळशीदास म्हणाले. "आज सोडला, तर उद्या मोठा होऊन येतो."

"तुमच्यासारखा!" मागून कुणीतरी ओरडलं. अख्खा वर्ग हसला, आणि तुळशीदास सगळ्यांत मोठ्याने हसले. तासाभरात पंचवीस मुलांनी गाठी मारायला शिकून घेतलं, दोघांनी एकमेकांची बोटंही बांधून घेतली.

मग मयूर सरांनी मला तुळशीदासांच्या खांद्यावर घातलं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की कपाटावरचा पृथ्वीचा गोल हलला. सर दुसरीकडे मुलांच्या गाठी सोडवायला धावले. कानात सांगायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुळशीदासांनी दोन्ही हातांनी मला सारखं केलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि ते चालू लागले. फाटकाच्या बाहेर!

मित्रांनो, मी घाबरले. आणि मला आनंदही झाला, दोन्ही एकदम. रिक्षा समोर उभी होती, पण तुळशीदास रिक्षात बसले नाहीत. भर उन्हात ते पायी निघाले, छाती काढून, मान ताठ करून. नारळाच्या वाड्या गेल्या, बाजार गेला, मग समुद्राचा वारा लागला. ओळखीचा माणूस भेटला की ते थांबायचे. "शाळेनं दिली," म्हणायचे. न विचारताच! आणि मागून रिद्धी चालत होती. तिला रिवाज ठाऊक होता. ती दोनदा "बाबा" म्हणाली आणि दोन्ही वेळा त्यांचा चेहरा बघून गप्प झाली.

घरी द्वारका बोंबील वाळत घालत होती. तिने डोळ्यांवर हात धरून बघितलं. "अगो बाय! हा कोन नवरदेव आला?"

"शाळेनं मान दिला," तुळशीदास म्हणाले. "पन्नास पोरांनी टाल्या वाजवल्या." मुलं पंचवीस होती, पण मी कशाला बोलू?

त्या आठवड्यात माझी चंगळ झाली! शेजारणी मला बघायला आल्या. तुळशीदास जाळी दुरुस्त करायला किनाऱ्यावर बसायचे, तेव्हा मी त्यांच्या मांडीवर. एके दुपारी त्यांनी माझे सुटलेले दोरे पाहिले. चष्मा चढवला आणि एकेक दोरा हातात घेऊन बारीक बारीक गाठी मारल्या, मासेमारीच्या जाळ्याला मारतात तशा, पक्क्या. अकरा वर्षांत मला कुणी असं मांडीवर घेऊन बघितलं नव्हतं. शालीला रडता येत नाही म्हणून बरं.

पण रिद्धीचं काय? मला मागाहून कळलं, सोमवारी सेलिन बाईंनी कपाट उघडलं, तर मी गायब. मयूर सरांनी कपाळावर हात मारला. बाईंनी रिद्धीला जवळ बोलावलं. "बाळा, शाल चुकून तुझ्या बाबांकडे गेलीय. शनिवारी शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार आहेत. तेवढी आणशील ना?"

रिद्धी "हो" म्हणाली आणि आणलं काहीच नाही. मंगळवारी ती विसरली. बुधवारी शाल धुतली होती. गुरुवारी म्हणाली, "बाई, तिच्यावर मांजर झोपलंय." मांजर! मित्रांनो, कोळीवाड्यातलं मांजर मासळीची टोपली सोडून माझ्यावर कशाला येईल? पण तिची दया येत होती मला. शाळेत खोटं बोलायचं, घरी खरं बोलायचं नाही, अशी बिचारी इकडे आड तिकडे विहीर. जेवणात लक्ष नव्हतं. बाबांनी मला उलगडलं की ती उठून बाहेर जायची.

शुक्रवारी संध्याकाळी रेमंड काका आपल्या स्कूटरवर मासळी घ्यायला आले. आगाशीत त्यांची केळीची वाडी आहे. माणूस मनाचा साफ, पण तोंडाला कुलूप नाही. मला बघताच ते खो खो हसले. "अरे तुळशीदास! ही तर शाळेची शाल! गेल्या वर्षी माझ्यापण अंगावर होती. परत ठेवायची असते रे ती, तिथल्या तिथे! तू घरी घेऊन आलास?"

मासळी घेऊन ते गेलेसुद्धा. तुळशीदासांनी मात्र मला मांडीवर घेतलं आणि माझी घडी घातली, काठाला काठ लावून. 

"रिद्धी," ते म्हणाले, "तुला ठावं होतं?"

रिद्धीने होकाराची मान हलवली.

"मंग बोलली का नाय? मी सगल्या गावात मिरवत फिरलो!"

तेव्हा पोरीचा बांध फुटला. "कशी बोलू, बाबा? तू असा कधी चाललाच नव्हतास. मला तुला तसंच बघायचं होतं."

 तुळशीदासांनी तिला जवळ ओढलं आणि स्वतःच्या सदऱ्याने तिचं नाक पुसलं. "उद्या मीच नेऊन देतो," एवढंच म्हणाले.

शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. साहेब खुर्चीवर बसलेले, समोर नारळ, फुलं आणि अर्धं रिकामं तबक. तुळशीदास दारातच थबकले. मला कागदात गुंडाळून त्यांनी काखेत धरलं होतं, चोरीचा माल धरावा तसं. मयूर सर धावत आले, मला घेऊ लागले. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस मान खाली घालून जाईल आणि पुन्हा कधी या फाटकात पाय ठेवणार नाही.

तेवढ्यात रांगेतून आवाज आला. "बाई, शाल माझ्या बाबांच्या हातूनच घालू या!"

रिद्धी उभी होती. कान लाल झाले होते, पण उभी होती. सेलिन बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातल्या तुळशीदासांकडे. त्या आठवड्यातली सगळी विसरभोळी उत्तरं त्यांना एकदम उमगली असावीत. त्या स्वतः दारापर्यंत गेल्या. "या, तुळशीदासभाऊ. चूक आमची झाली. आधी सांगायला हवं होतं."

तुळशीदास पुढे आले. कागद सोडला, मला झटकून उलगडलं आणि साहेबांच्या खांद्यावर नीट बसवलं. टाळ्या झाल्या. आता मागे फिरावं की नाही? पण ते तिथेच उभे राहिले आणि बोलले.

"साहेब, ही शाळेची हाय. परत द्यायची असते. मला ठावं नव्हतं, मी घरी नेली. लाज वाटली, खरं सांगतो. पन आठवडाभर माझ्या घरात सन होता. तुमी पन न्या. घरच्यांना दाखवा. पुढल्या शनवारी परत आना, म्हंजे झालं."

मयूर सरांनी जीभ चावली. मोठ्या साहेबांना कुणी असं सांगतं?  साहेबांनी माझा काठ हातात घेतला, त्या बारीक गाठींवरून अंगठा फिरवला. "या गाठी तुम्ही मारल्या?"

"व्हय. दोरे सुटले होते."

"घरी माझ्याकडे शालींचा ढीग आहे," साहेब हळूच म्हणाले, "पण एकही मी आईला दाखवलेली नाही. ही दाखवतो." आणि ते मला घेऊन गेले. चक्क गाडीतून!

पुढच्या शनिवारी, आपल्या कचेरीच्या सुट्टीच्या दिवशी, ते स्वतः मला घेऊन परत आले. आमच्या शाळेत एकदा आलेला साहेब आठ दिवसांत पुन्हा आला, असं याआधी कधी घडलं नव्हतं! त्या दिवशी पाहुणी होती जूचंद्रची एक रांगोळी काढणारी ताई. साहेबांनी आपल्या हाताने मला तिच्या खांद्यावर घातलं आणि तिला बजावलं, "आठवडाभर घरी न्यायची हं."

मित्रांनो, तेव्हापासून मी कपाटात राहतच नाही. ताईने माझा काठ अंगणात रांगोळीने हुबेहूब काढला. माणिकपूरच्या एरॉल रिक्षावाल्याने मला फुटबॉल खेळणाऱ्या सगळ्या दोस्तांच्या अंगावर घालून फोटो काढले. घामाचा वास दोन दिवस गेला नाही. एका आजोबांनी मला पांघरून चर्चमध्ये नेलं, एका काकूंनी हरतालिकेला. मी थोडी विरले आहे, दोन ठिकाणी हळदीचे डाग आहेत. पण दोरा सुटला की शाळेचा निरोप अर्नाळ्याला जातो, आणि तुळशीदास चष्मा घेऊन येतात. फाटकातून आत येताना आता ते थबकत नाहीत.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. मला उन्हात फार वेळ टाकू नका, घडी नीट घाला, डाग पडला तर लगेच धुवा. आणि कधी कुणाला शाल घातलीत, तर ती काढून घ्यायची घाई करू नका. आधी त्या माणसाला घरी जाऊ द्या, त्याच्या लेकीच्या पुढे पुढे चालत.